उशाशी उजेड

आई-बाबांकडे काही दिवस राहायला गेले होते. रात्री कधीतरी जाग आली आणि शेजारच्या खोलीतून आवाज ऐकू आला, तळहात भिंतीवरून घासत सरकत गेल्याचा. आधी कळेचना काय आहे ते. मग लक्षात आलं, आई उठलीय आणि दिवा न लावता भिंत धरून धरून दाराकडे निघालीय, बाबांची झोप मोडू नये म्हणून. मध्येच आवाज थांबला, बहुतेक कपाट आलं असावं, मग कपाटाच्या दारावरून जाताना थोडा वेगळा, पोकळ आवाज, मग पुन्हा भिंत, मग कडी, मग पॅसेजमधलं बटण. परत येताना तेच सगळं उलट्या क्रमाने. सकाळी विचारलं तर म्हणाली, "अगं किती वर्षं अशीच जाते मी, मला कशाला हवाय दिवा, पायांना माहितीय घर." इतक्या सहज म्हणाली की त्यावर बोलायला काही उरलंच नाही, आणि तिने लगेच विषयही बदलला. पण तो आवाज काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना. स्वतःच्या घरी परत आल्यावरसुद्धा, ऑफिसात मीटिंग चालू असताना मध्येच ऐकू यायचा.

तशी उत्तरं सोपी होती. नाइट लॅम्प लावा. पण तो पूर्वी लावून झालाय, बाबांना खोलीत जरासाही उजेड असला की झोप लागत नाही. बेडशेजारी टेबल लॅम्प ठेवा. तर तिथे आधीच औषधं, चष्मा, पाण्याची बाटली, पुस्तकं, आणि लॅम्प लावला की उजेड नेमका शेजारच्याच्या तोंडावर. खोलीचं मुख्य बटण दाराजवळ, म्हणजे बेडपासून सगळ्यात लांब, बहुतेक घरांत असतं तिथेच. वायरिंग करताना बाहेरून आत येणाऱ्याचा विचार होतो, आत झोपलेल्या माणसाला मध्येच उठून बाहेर जायचं असेल हे कोणाच्या मनात येत नाही, याचा मला त्या दिवसांत खरंच राग यायला लागला होता. शिवाय त्या एका बेडवर दोन वेगळ्या रात्री असतात. बाबा बारापर्यंत वाचतात. आई दहाला कूस वळवून पांघरूण डोळ्यांवर ओढून घेते. ती म्हणते मला चालतं, ते म्हणतात मी आता बंद करतच होतो, आणि हे रोज.

आणि अजून एक गोष्ट त्या मुक्कामात दिसली, जी आधीही शंभर वेळा दिसली असणार. बाबा भिंतीला टेकून वाचतात तिथे रंगावर तेलकट डाग पडलाय, डोक्याच्या मापाचा, गोलसर, कडेला फिकट होत गेलेला. बेड जुना, साधा, उशाकडे फळी अशी नाहीच. त्या डागाकडे बघतानाच मला पहिल्यांदा वाटलं की आपण यांना हेडबोर्ड करून द्यावा, आणि उजेड त्याच्यातच बसवावा, उशामागे, जिथून तो कोणाच्या डोळ्यांत जाणार नाही.

मग डिझाइन शोधायला लागले. फोनवर शेकडो फोटो, सगळे सुंदर, आणि थोड्या वेळाने सगळे एकच वाटायला लागतात. गुबगुबीत कापडी चौकोन आणि मागून निळसर झगझगीत रेघ, नाहीतर उभ्या लाकडी पट्ट्या आणि त्यांच्या फटीत एलईडी. ते फोटो बघून मला कुठेच आई त्या बेडवर बसलेली दिसेना. फोटोतला उजेड खोलीचा फोटो चांगला यावा म्हणून लावलेला असतो. तिथे रात्री कोणी कूस बदलत नाही, कोणाला पाणी प्यायला उठायचं नसतं.

वाचता वाचता पलंगांच्या इतिहासात शिरले, आणि ते वाचन मात्र फार आवडलं. प्राचीन इजिप्तमधल्या पलंगांना उशाकडे फळी नसायचीच, फळी असायची पायाकडे. तुतानखामनचं थडगं १९२२ साली सापडलं, त्यातल्या पलंगांचीसुद्धा नक्षीची फळी पायाकडे आहे, आणि डोक्याखाली घ्यायला वेगळा टेकू. म्हणजे झोपणाऱ्याला आपल्या पलंगाची नक्षी पडल्या पडल्या दिसायची! आपली सगळी नक्षी डोक्यामागे. इंग्लंडमध्ये १५९० च्या सुमाराला केलेला ओक लाकडाचा एक प्रचंड पलंग लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे, तीन मीटरहून रुंद, उशाकडची अख्खी फळी कोरीवकामाने भरलेली. तो बरीच वर्षं वेअर नावाच्या गावातल्या सरायांमध्ये होता आणि त्यावर झोपून गेलेल्या लोकांनी लाकडावर आपली नावं कोरून ठेवलीत. त्या नावांचा मी बराच वेळ विचार करत होते. इतकी कोरलेली फळी डोक्यामागे असून तिच्याकडे पाठ करून झोपायचं, म्हणून कदाचित सकाळी उठून माणसाला तिथे आपलं काहीतरी ठेवून जावंसं वाटत असेल. मला हेडबोर्डबद्दल हीच गोष्ट सगळ्यात विचार करण्यासारखी वाटते, की ज्याच्यासाठी तो करायचा त्याला तो पडल्यावर दिसत नाही. तो दिसतो खोलीत येणाऱ्याला. उशिरा झोपायला येणाऱ्याला आधी झोपलेल्याच्या डोक्यामागे.

आईच्या कपाटात खालच्या कप्प्यात एक चपटा पत्र्याचा डबा आहे, भरतकामाचा. त्यात रेशमाच्या लडी, लाकडी रिंग, बोथट झालेली कात्री, आणि तळाशी नक्षीचे कागद. पूर्वी उशांच्या अभ्र्यांवर नक्षी उतरवायची म्हणजे ट्रेसिंग पेपरवर चित्र काढायचं, मग रेघेवरून सुईने जवळजवळ भोकं पाडत जायचं, मग तो कागद कापडावर पसरून रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा वरून फिरवायचा. कागद उचलला की कापडावर निळ्या ठिपक्यांची वेल. मी लहानपणी तो बोळा फिरवायला मिळावा म्हणून हट्ट करायचे. रॉकेलचा वास बोटांना दुसऱ्या दिवसापर्यंत राहायचा. आई दुपारी काम आटोपल्यावर खिडकीशी बसायची आणि संध्याकाळ झाली तरी उठायची नाही, "अजून दिसतंय" म्हणायची. मला आठवतं, उजेड कमी होत गेला की लाल फुलं आधी काळी पडायची आणि हिरवी पानं मात्र बराच वेळ दिसत राहायची. तेव्हा वाटायचं की धाग्याचाच काहीतरी गुण असेल. कितीतरी वर्षांनी कळलं की ही डोळ्याची रीत आहे. यान पुर्किन्ये नावाच्या शास्त्रज्ञाला १८१९ साली पहाटेच्या फिरण्यात हेच फुलांच्या बाबतीत जाणवलं होतं, त्याच्याच नावाने ती ओळखली जाते. मंद उजेडात डोळा दुसऱ्या पेशींवर जातो आणि त्या पेशींना लाल रंग जवळजवळ दिसतच नाही.

तर त्या डब्यातला एक कागद मी उचलून खिडकीसमोर धरला. पिवळा पडलेला, घड्यांवर विरलेला, निळीचे डाग, एका बाजूचा कोपरा फाटून गेलेला. आणि त्या भोकाभोकांतून उजेड येत होता. वेल, पानं, पाच फुलं, सगळं उजेडाचं.

मला दुसरं काही शोधायची गरजच उरली नाही.

आईला विचारलं नाही, फक्त "हा कागद नेऊ का" म्हटलं. "ने की, आता कोण करतंय ते," म्हणाली.

कागदावरची वेल वीतभर लांब, आणि फळी बेडच्या रुंदीची, म्हणजे सहा फूट. फोटो काढून मोठा प्रिंट घेता आला असता, पण मला ती हातानेच मोठी करायची होती, शाळेत चित्रकलेच्या तासाला चौकटी आखून करायचो त्याच पद्धतीने. छोट्या कागदावर छोटे चौकोन, मोठ्या कागदावर मोठे, आणि एकेक चौकोन बघून रेघ उतरवत जायची. हे करताना मला आईचा हात कळायला लागला. देठ काढताना ती सरळ, भरभर गेलीय, भोकं लांब लांब. पाकळीच्या टोकाशी आली की भोकं एकदम दाट. सुई कुठे थांबली, कुठे घाई झाली ते सगळं त्या कागदात आहे. मोठं करताना सगळी भोकं घेता येत नाहीत, फार जवळ आली तर मधलं लाकूड तुटतं, म्हणून कुठली ठेवायची आणि कुठली सोडायची हे ठरवावं लागतं. सरळ देठात अर्धी सोडली तरी डोळा रेघ जोडून घेतो. वळणावर एक जरी सोडलं तरी वळण मोडतं. सगळी मिळून सातशेच्या आसपास भोकं झाली. फाटलेल्या कोपऱ्यात तिसऱ्या फुलाची एक पाकळी गेली होती, ती मी मनाने काढली नाही. जितकं कागदात होतं तितकंच घेतलं.

लाकडाचं बरंचसं कापकाम एका सुतारकाकांनी करून दिलं. त्यांना आधी मी १८ मिलिमीटरच्या प्लायमध्ये भोकं पाडायची म्हटलं तर ते मान हलवत म्हणाले, "ताई, एवढ्या जाडीत उजेड दिसेल पण समोरूनच, जरा बाजूला झालात की गायब." आणि एका तुकड्यात भोक पाडून दाखवलंच. मग मी घरी येऊन त्याचा हिशोब मांडला. ३ मिलिमीटरचं भोक १८ मिलिमीटर जाडीत म्हणजे लांब नळी, समोरच्या सरळ रेषेपासून जेमतेम नऊ-साडेनऊ अंश बाजूला गेलं की पलीकडचं काही दिसत नाही. तेच भोक ६ मिलिमीटरच्या प्लायमध्ये साधारण साडेसव्वीस अंशांपर्यंत उजेड देतं. आणि हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो सांगता येणार नाही, कारण याचा अर्थ असा होता की फळीची जाडी आणि भोकाचं माप नीट निवडलं तर उजेड कोणाला दिसावा आणि कोणाला दिसू नये हे आपल्या हातात आहे. दारातून येणाऱ्याला वेल दिसेल. उशीवर पडलेल्याला, अगदी मान वर करून बघितलं तरी, त्या तिरक्या कोनातून भोकं अंधारीच दिसतील. ना पडदा लागला, ना शेड. नुसती लाकडाची जाडी.

मग फळी दोन भागांत केली. खालचा भाग १८ मिलिमीटरचा, सागाचं व्हिनियर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, लावलेला, गादीच्या वर साधारण दोन फूट, टेकून बसायला, अगदी साधा. त्याच्या वर दीड फूट उंचीची पातळ फळी, तीही सागाच्या व्हिनियरची, वेलीची, आणि तिच्यामागे दीड इंच खोल बंद पेटी. पेटी आतून मॅट पांढऱ्या रंगाने रंगवली आणि एलईडीची पट्टी पेटीच्या चारी कडांना आतल्या बाजूला लावली, समोरून कुठूनही एलईडीचा दाणा दिसणार नाही अशी. भोकातून जे दिसतं ती मागची उजळलेली पांढरी पाठ. याचं कारण सांगायलाच हवं, कारण बऱ्याच ठिकाणी पट्टी सरळ नक्षीच्या मागे चिकटवतात आणि मग काही भोकं टोचतात, काही मंद दिसतात. कडेने टाकलेला उजेड आत इकडून तिकडे उड्या मारत राहतो आणि सगळीकडे जवळजवळ सारखा होतो. गंमत म्हणजे इतकी सातशे भोकं मोजली तर ती त्या पातळ फळीच्या क्षेत्रफळाच्या हजारात सहा भागसुद्धा नीट भरत नाहीत. बाकी सगळा उजेड आतच राहतो. तरी ती वेल अंधारात इतकी भरघोस दिसते.

भोकं पाडायचं काम मात्र मी कोणाला दिलं नाही. कागद फळीवर चिकटवायचा, प्रत्येक ठिपक्यावर आधी खिळ्याच्या टोकाने हलकी खूण करायची, नाहीतर ड्रिल लाकडाच्या रेषेच्या बाजूला घसरतं. ड्रिलचा बिट मधोमध अणकुची असलेला घ्यायचा, लाकडासाठीचा. आणि फळीखाली एक टाकाऊ प्लायचा तुकडा घट्ट दाबून ठेवायचा, म्हणजे बिट पलीकडे निघताना लाकूड फुटत नाही, कडा स्वच्छ राहते. व्हिनियरची चांगली बाजू वर. सागाचा तो किंचित कडवट, तेलकट वास खोलीभर व्हायचा, पिठासारखा भुसा बोटांच्या पेरांत बसायचा, बिट तापला की थांबायचं. काम कंटाळवाणं असेल असं वाटलं होतं, पण झालं उलटंच, ते संपत आलं तेव्हा मला वाईट वाटायला लागलं. आईच्या सुईने जिथे भोक पाडलं होतं तिथेच मी चाळीसेक वर्षांनी ड्रिलने पाडत होते. ती तेव्हा माझ्या आत्ताच्या वयापेक्षा लहान होती. एवढ्या सगळ्या दुपारी ती काय विचार करत बसायची हे मी तिला कधी विचारलंच नाही, आणि आता विचारलं तर ती "काही नाही गं" म्हणेल हेही मला माहितीय.

विजेचा भाग थोडक्यात सांगते कारण त्यात माझं कौतुक काही नाही, पण करणाऱ्याला उपयोगी पडेल. पट्टी २४ व्होल्टची घेतली, १२ ची नाही, कारण तेवढ्याच उजेडाला करंट निम्मा लागतो आणि पट्टीच्या शेवटच्या टोकाशी उजेड फारसा मंदावत नाही. साडेचार मीटर पट्टी, मीटरमागे ४.८ वॅट, म्हणजे सगळे मिळून बावीस वॅटच्या आत, त्याला ३० वॅटचा ड्रायव्हर, म्हणजे घरातल्या विजेचे २४ व्होल्ट करून पट्टीला देणारा डबा, थोडी जागा राखून. ड्रायव्हर पेटीच्या आत किंवा उशीमागे कधीच ठेवायचा नाही, तो तापतो, त्याला बाजूला हवेशीर जागा दिली. पट्टीच्या खाली ॲल्युमिनियमची पट्टी, तीही उष्णता वाहून न्यायला, आणि पेटीला खाली-वर बारीक फटी. डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण, घेताना फोनचा कॅमेरा समोर धरून बघितला, मंद केल्यावर स्क्रीनवर जाड काळे पट्टे सरकताना दिसले तो परत केला. तो उजेड लुकलुकत असतो, डोळ्याला कळत नाही पण काहींचं डोकं धरतं. मुख्य लाइनचं काम वायरमनने केलं, ते आपण करू नये. बाबांच्या बाजूला वाचायला एक छोटा, वळवता येणारा, अरुंद झोताचा दिवा, जो फक्त पुस्तकापुरता पडतो.

आणि मग तिसरा उजेड, ज्याच्यासाठी हे सगळं सुरू झालं होतं.

हा हेडबोर्डच्या आईकडच्या बाजूच्या खालच्या कडेला, मागून, जमिनीकडे तोंड करून. हातभर लांब पट्टी, मंद, अंबर रंगाची. सेन्सर गादीच्या पातळीच्या खाली लावला, म्हणजे झोपेत कूस बदलली तर तो पेटत नाही, पाय जमिनीवर टेकला की पेटतो. रंगावर मी बराच विचार केला. डोळ्याला अंधाराला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढरा दिवा क्षणभर लावला की ती कमाई जाते. शिवाय आपल्या डोळ्यांत बघण्यासाठी नसलेल्या, दिवस आहे की रात्र हे शरीराला कळवणाऱ्या पेशी असतात, त्या २००२ मध्ये नीट समजल्या, आणि त्या सगळ्यात जास्त जाग्या होतात निळ्या उजेडाने, ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या. आणि घरोघरचा पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा एलईडीच, वर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे उजेडाचा रंग बदलणाऱ्या पावडरीचा, थर दिलेला. ज्या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं तोच. दिवसा, स्वयंपाकघरात, अभ्यासाच्या टेबलावर त्याचे उपकारच आहेत. रात्री दोन वाजता तो नको. पूर्ण लाल उजेड डोळ्याला सगळ्यात कमी त्रास देतो, पण लाल उजेडातली खोली आईला बघवली नसती, म्हणून अंबर. साठीनंतर डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होतं. म्हणजे उजेड जास्त लागतो, आणि त्याच वेळी थेट दिव्याची तिरीप सहनही कमी होते. दोन्ही एकदम. म्हणून दिवा दिसू न देता जमीन दाखवायची.

बसवायच्या दिवशी ४५ अंशांत चिरलेल्या दोन पट्ट्या, एक भिंतीला स्क्रूने, एक हेडबोर्डच्या पाठीला, एकीत एक अडकली की वजनानेच घट्ट बसते आणि उचलली की निघते. काढता आलं पाहिजे हा माझा आग्रह होता. मागची भिंत आम्ही नव्याने रंगवली, मॅट. चकचकीत रंगात दिव्याची प्रतिबिंबं दिसतात. आणि खालचा अंबर दिवा पेटल्यावर एक गोष्ट झाली, भिंतीला घासून जाणाऱ्या त्या तिरक्या उजेडात पुट्टीचे सगळे उंचवटे उठून आले, कुठे पटाशीचा ओरखडा, कुठे जुन्या खिळ्याचं बुजवलेलं भोक. दिवसा भिंत गुळगुळीत दिसते. वायरमन म्हणाला परत घासून घ्या. आईने नको म्हटलं. त्या ओरखड्यांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "हे इथे आहे होय." तिला ते सगळे उंचवटे हाताने पाठ होते, डोळ्यांनी पहिल्यांदा बघत होती.

त्या एका वाक्याने मला इतके दिवस न सुचलेलं काहीतरी सुचलं आणि ते फारसं सुखाचं नव्हतं. मी तिच्या अंधाराकडे फक्त अडचण म्हणून बघत होते. तिच्यासाठी तो एक येण्याजाण्याचा रस्ता होता, भिंत, कपाट, कडी, तिचा एकटीचा, घरातल्या बाकी कोणालाच न येणारा. आता जमीन दिसते म्हटल्यावर हळूहळू हाताची ती ओळख जाईल. पडण्याची भीती कमी झाली हे मला हवंच होतं, त्याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही, एका पडण्याने काय काय होतं हे आजूबाजूला बघितलंय. तरीही. तिच्याकडून काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटत राहिलं, आणि हे दोन्ही मला एकदमच वाटतं, अजूनही.

काही दिवसांनी बाबांशी फोनवर बोलत होते. म्हटलं, तो खालचा दिवा रात्री पेटतो त्याने झोपमोड होते का? जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, मी जागाच असतो." मला कळेना. म्हणाले, ती उठली की जाग येतेच, पहिल्यापासून येते, पण हललो तर तिला वाटेल आपल्यामुळे उठले, म्हणून तसाच पडून राहतो, ती परत येऊन आडवी होईपर्यंत. "भिंतीवरचा हात ऐकत असतो. मध्ये थांबला की मनात मोजतो." आता काय करता, विचारलं. "आता दिसते जाताना," म्हणाले, "बरं पडतं." आणि मग लगेच दुसरंच काहीतरी बोलायला लागले, गॅसचं बुकिंग वगैरे. मी फोन ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून होते. ती त्यांची झोप मोडू नये म्हणून अंधारात जात होती, आणि ते झोपलेत असं तिला वाटावं म्हणून अंधारात पडून होते, वर्षानुवर्षं, आणि दोघांनी एकमेकांना हे सांगितलेलं नाही. मी आईला सांगितलं का? नाही. ते सांगायचं तर त्यांनी सांगावं.

वेल मात्र रोज संध्याकाळी लागते. आई स्वतः लावते, पार मंद करून, आणि आल्यागेल्याला दारातच उभं करून दाखवते, कारण आत गेलं की कोन बदलतो आणि दिसत नाही हे तिने एका दिवसात ओळखलं. बाबांचं डोकं टेकायला आता लाकूड आहे, दोन हात पॉलिश केलेलं, आणि त्यावरही तेलाचा डाग पडायला सुरुवात झालीय. मागच्या वेळी गेले तेव्हा आई दारात उभी राहून वेलीकडे बघत होती, मान तिरकी करून. मी शेजारी जाऊन उभी राहिले. म्हणाली, "तिसऱ्या फुलाची पाकळी कुठाय?"

म्हटलं, कागदच फाटलाय तिथे, तुझ्या कागदात आहे तेवढंच घेतलं.

"तो फाटूनच किती वर्षं झाली," ती म्हणाली, "ती पाकळी मी दर वेळी पेन्सिलने काढायचे. थांब." आणि कपाटातून पेन्सिल घेऊन आली, बेडवर चढली, गुडघ्यांवर, आणि दिवा चालू ठेवूनच फळीवर ठिपके काढायला लागली. एक, दुसरा, मग वळणावर दाट. कुठे बघावंही लागत नव्हतं. बाबांनी पुस्तकातून मान वर करून विचारलं की आता हे सगळं परत खाली काढायचं का. हो, मी म्हटलं, निघतं ते, उचललं की झालं. मग आम्ही दोघींनी दोन टोकं धरून फळी उचलली, पेटी उघडून पुढची पातळ फळी सोडवली, बाहेरच्या खोलीत जमिनीवर पालथा प्लायचा तुकडा टाकून त्यावर ठेवली, आणि ड्रिल मी हातात घेतलं तर आई म्हणाली, "मला दाखव कसं धरायचं ते." दोन भोकं मी तिच्या हातावर हात ठेवून पाडली. तिसऱ्यापासून तिने माझा हात बाजूला केला. बाबा आतून ओरडून विचारत होते किती वेळ चालणार हा आवाज, आणि ती ओरडून म्हणाली, अजून सात राहिलीत.